जूनचा फ्रॉक

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या अनुजाच्या दुकानात बायकांची गर्दी तिच्या शिलाईमुळं व्हायची असं तिला वाटायचं. खरं कारण तिचं तोंड होतं, म्हणजे ते बंद राहायचं. एरवी अनुजा गप्प बसणाऱ्यातली नव्हे. गल्लीत कुणाच्या सुनेनं कुठली साडी कुणाला दिली इथपासून तिला सगळं बोलायला लागायचं. पण गळ्यातला टेप एकदा हातात आला की आकडा तिच्या तोंडातनं बाहेर पडत नसे. छाती, कंबर, दंड मोजायची, वहीत लिहायची, वही मिटायची. बाकावर बसलेल्या बाईला कळायचं नाही, की उभ्या असलेल्या बाईची कंबर गेल्या दिवाळीपासून कुठवर आलीय.

ह्याला कारण होतं. पाचवीत असताना आईनं तिला युनिफॉर्म शिवायला एका टेलरकडं नेलं होतं. त्या माणसानं टेप लावला आणि आतल्या कारागिराला ओरडून सांगितलं, "हिला पोरीचं माप बसत न्हाय, बाईचं धर." दुकानात तिच्या वर्गातली दोन पोरं चड्डीचं माप द्यायला आली होती. त्यापुढं दोन वर्षं वर्गात कुणी अनुजाला नावानं हाक मारली नाही. टेलर व्हायचं आपण त्याच दिवशी ठरवलं असं ती सांगते. खरं तर त्या दिवशी तिनं त्या टेलरचा जीव घ्यायचं ठरवलं होतं, शिवणक्लास मागनं सुचला.

आता ती पंचेचाळीस वर्षांची होती, दुकानाच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. गारगोटीचं एक स्थळ बघायला आलं होतं, ते दोन बशा पोहे खाऊन गेलं आणि "मुलगी अंगानं जरा जास्त आहे" असा निरोप धाडून मोकळं झालं. "निरोपच धाडायचा होता तर दुसरी बशी कशाला मागितली?" एवढाच अनुजाचा त्यावर आक्षेप होता.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि त्यातलं सगळ्यात बरं दुपारी साडेबाराला रिक्षातनं उतरायचं. तिच्या धाकट्या भावाची, अमरसिंहची, एकुलती एक पोर. तेजस्वी. चौथीत होती. सकाळची शाळा सुटली की रिक्षावाला तिला आत्तीच्या दुकानासमोर सोडायचा, आणि संध्याकाळी सहाला तिची आई मोना कॉलेजच्या ऑफिसातनं सुटून तिला संभाजीनगर भागातल्या फ्लॅटवर घेऊन जायची. मधले साडेपाच तास अनुजाचे. पोरगी म्हणजे आत्तीची झेरॉक्स होती. तेच गुबगुबीत मनगट, तेच कुरळे केस, हसताना तसेच बंद होणारे डोळे. दप्तर टाकलं की जेवण, जेवणानंतर झोप, झोपेनंतर चौकातला वडा, वड्यानंतर मोबाइल आणि भडंगाची पुडी. कधी क्रीमरोल. आत्ती आणि भाची समोरासमोर बसून खायच्या आणि एकमेकींच्या ओठांवरचं क्रीम बघून हसायच्या. हे पोरीच्या तब्येतीला वाईट असू शकतं, असं अनुजाच्या मनातही आलं नाही. तिला एवढंच दिसायचं, की एक गुबगुबीत पोर कुणाचं काही ऐकून न घेता खाऊ शकतेय.

फ्रॉकची गोष्ट मात्र वेगळी होती.

जूनमध्ये अनुजानं तिचा शाळेचा फ्रॉक शिवला, आत चांगलं मार्जिन सोडून. गणपतीच्या आसपास तेजस्वी म्हणाली, "आत्ती, काखंत काचतंय." अनुजा म्हणाली, "घाम साठला असंल, काढून ठेव." पोरगी झोपली, आणि अनुजानं दोन्ही बाजूंची टीप उसवून अर्धा-अर्धा इंच बाहेर घेतली. उठल्यावर फ्रॉक अगदी जसा होता तसा बसला. मग दिवाळीनंतर एकदा. मग संक्रांतीला. घरी कुणाला पत्ता लागला नाही. जानेवारीच्या शेवटी आत कापडच उरलं नाही, तेव्हा तिनं बगलेत त्याच रंगाची पट्टी घातली. ती इतकी बेमालूम बसली की राहवेना म्हणून तिनं ती नजीराभाभींना दाखवली.

नजीराभाभी तिच्याकडं हुक लावायला आणि साड्यांना फॉल लावायला यायच्या. वयानं साठीच्या, चष्म्याच्या वरनं बघायची सवय.

"काम चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "पोरीच्या आईला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात? पोर वाढालीय."

"उभी वाढालीय का आडवी?"

"भाभी, हुक लावा."

फेब्रुवारीत शाळेत तपासणी झाली. रविवारी अनुजा भावाकडं जेवायला गेली तर मोनानं तिच्या ताटाशेजारी शाळेचं कार्ड ठेवलं. त्यावर उंची, वजन, आणि खाली लाल पेनानं लिहिलेलं होतं, 'डॉक्टरांना दाखवावे.'

"शाळेचा काटा बिघडलाय," मोना म्हणाली. "जून ते आता सात किलो? असं कसं होईल? हिचा जूनमधला फ्रॉक अजून अंगाला नीट बसतोय. अक्का, तुम्हीच शिवलाय, तुम्ही सांगा की."

अनुजानं तोंडात मोठा घास घातला, म्हणजे बोलायला लागू नये.

अमरसिंह पाण्याच्या मोटरींचं दुकान चालवायचा आणि जेवताना टीव्हीवरनं डोळे काढायचा नाही. तो म्हणाला, "काटा कशाला बिघडंल? आमचं हाडच दांडगं हाय. आजा तसा, मी तसा, आणि अक्काकडं तर बघायलाच नको."

"मग बघू नको की," अनुजा म्हणाली.

"तसं न्हवं अक्का. रक्तात असतंय ते. त्याला विलाज न्हाय."

हे ऐकून अनुजाला बरं वाटलं. आयुष्यभर तिलाही हेच वाटत आलं होतं. रक्तात आहे म्हटलं की कुणाची चूक राहत नाही. ना खाणाऱ्याची, ना वाढणाऱ्याची. माणूस दुसरी पोळी घ्यायला मोकळा.

"रक्ताचंच काढताय तर निम्मं रक्त माझं आहे," मोना म्हणाली. "आमच्या हातकणंगल्याला एक जाड माणूस दाखवा मला. पप्पा सत्तरीत सायकल मारतात."

"तुझं निम्मं नाकात गेलंय," अमरसिंह म्हणाला. आणि मोनानं टीव्ही बंद केला.

दवाखान्यात अमरसिंह आला नाही. "अक्का, तू जा, तुझाच नमुना हाय," म्हणून त्यानं हात झटकले.

मुलांच्या डॉक्टर फरहीन वयानं लहान होत्या. त्यांनी तेजस्वीला काट्यावर उभं केलं. आकडा फक्त त्यांच्याच बाजूला दिसत होता. त्यांनी तो बघितला आणि लिहिला, पण उच्चारला नाही. अनुजाला बाई तिथंच पसंत पडली. मग त्यांनी कागदावर गोल काढायला सुरुवात केली. हे आजोबा, ही आजी, हा मामा. कोण कसं आहे, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब.

आपल्याकडची माहिती अनुजानं धडाधड दिली. आजोबा धिप्पाड, आई साखरेनं गेली, भाऊ दांडगा, आणि ती स्वतः डोळ्यांसमोर आहेच. मग डॉक्टर मोनाकडं वळल्या.

"तुमचे वडील?"

"बारीक. एकदम बारीक."

"साखर?"

मोना थांबली. "थोडी आहे. गोळी घेतात."

"आणि आजोबा?"

"त्यांचा पाय..." मोना म्हणाली, आणि पुढचं तिनं हातानंच, कापल्याची खूण करून सांगितलं. "पण तेही बारीकच होते."

डॉक्टरांनी हातकणंगल्याकडच्या दोन गोलांवरही खुणा केल्या. अनुजा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली, कारण तोंडावर आनंद दिसला असता.

"म्हंजे दोन्हीकडनं रक्तातच हाय की, डॉक्टर," ती आशेनं म्हणाली.

"किती रक्तातलं आणि किती ताटातलं, असं तोडून एका पोराबद्दल सांगता येत नाही, ताई. भूक किती लागते, पोट भरल्याचं कधी कळतं, ह्यातलं बरंच जन्मतः येतं. कुणाला दोन घासांत बास होतं, कुणाला आठव्यालाही कळत नाही, आणि त्यात पोराचा दोष नसतो. पण ज्या घरातनं रक्त येतं त्याच घरातनं डबा येतो, झोपायची वेळ येते, टीव्ही येतो. मग सगळंच रक्ताच्या नावावर खपतं. आता असं बघा, समजा तुम्हाला एक कापड मिळालं—"

"डॉक्टर," अनुजा म्हणाली, "कापडाचं मला सांगू नका, पंचवीस वर्षं तेच करतो. पोरीचं सांगा."

डॉक्टर हसल्या. "बरं, पोरीचं. वजन उतरवायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. तिची उंची वाढतेय. वजन आहे तिथं थांबलं की उंची त्याला गाठेल. घरचं जेवण पोटभर. पाकिटातलं आणि गोड पाणी कमी. जेवताना मोबाइल नको. वेळेवर झोप. आणि रोज तासभर घाम येईल असं काहीतरी, खेळ, पळापळ, काहीही. आणि घरात कुणी तिला तिच्या अंगावरनं बोलायचं नाही, कौतुकानंसुद्धा. एवढं मला सांगा, वजन वाढायला लागलं कधी? कपडे घट्ट व्हायला लागले ते आठवतं?"

"झालेच नाहीत," मोना म्हणाली. "तेच तर मला कळत नाही. हा बघा, आता घातलाय तोच. जूनचा आहे."

डॉक्टरांनी फ्रॉककडं बघितलं, मग कार्डाकडं. "सात किलो वाढले आणि फ्रॉक तोच?"

अनुजाला वाटलं, गप्प बसलं तरी चालतंय. बगलेतली पट्टी ह्या दोघींना सात जन्मात दिसणार नाही, इतकी ती चांगली बसलीय. मग तिनं तेजस्वीकडं बघितलं. पोरगी तिच्याचकडं बघत होती. तिच्या नजरेत दटावणं नव्हतं, ती वाट बघत होती. आत्ती आता काय करते ते.

"तीनदा उसवला," अनुजा म्हणाली. "चौथ्यांदा पट्टी घातली."

"काय?" मोना.

"गणपतीत, दिवाळीनंतर, संक्रांतीला. आणि परत गेल्या महिन्यात."

मोनानं पुढं होऊन पोरीचा दंड वर केला, पट्टी शोधली, तिच्यावरनं बोट फिरवलं.

"मला म्हाईत होतं," तेजस्वी म्हणाली. "उसवलं की जुन्या टिपंची भोकं राहत्यात. ओळीनं."

अनुजा तिच्याकडं वळली. "मग मला बोलली का न्हाईस?"

"तू गपचूप करालतीस की. बोललो असतो तर तुला वाईट वाटलं असतं."

डॉक्टरांनी उगाच पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. निघताना त्या अनुजाला एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्ही तुमची साखर कधी तपासलीय का?" अनुजा म्हणाली, "मी कुठं लहान मूल हाय?" आणि चप्पल घालायला लागली.

रिक्षात तेजस्वी मधे बसली होती म्हणून मोना काही बोलली नाही. घराखाली उतरल्यावर तिनं पोरीला वर धाडलं.

"अक्का, तुम्ही मायेनं केलंत, मला कळतंय. पण सहा महिने तुम्ही मला आंधळं ठेवलंत."

"तिला कुणी बोलू नये म्हणून केलं, मोना. मला म्हाईत हाय कसं वाटतंय ते."

"कुणी म्हणजे कोण? मी? मी तुमचा तो टेलर आहे का?"

अनुजा रिक्षावाल्याचे पैसे द्यायला वळली.

"सोमवारपासून ती शाळेजवळच्या पाळणाघरात जाईल," मोना म्हणाली. आवाज चढवला असता तर अनुजाला भांडता आलं असतं. पण मोनानं आवाज चढवला नाही.

सोमवारी साडेबाराला अनुजा सवयीनं दारात आली. रिक्षा बाकीच्या पोरांना घेऊन आली आणि न थांबता पुढं गेली. रिक्षावाल्यानं तेवढा हॉर्न मारला. मंगळवारी ती दारात आली नाही, पण मशीन थांबवून बसली. चार वाजता चौकातनं चार वडे आले. सांगितलेले नव्हते, वडेवाल्यालाही सवय होती. अनुजानं एक खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला हात घातला तेव्हा नजीराभाभी चष्म्याच्या वरनं बघत होत्या.

"पोरगी न्हाय तरी चार?"

"टाकून द्यायचे का मग?"

"पोरगी असताना तिला किती देत होतीस?"

"एक. कधी दीड."

"म्हंजे अडीच-तीन तुझे. आणि नाव रक्ताचं."

अनुजानं वडा खाली ठेवला. नजीराभाभी उठल्या, त्यांनी तिच्या गळ्यातला टेप काढून घेतला. "उभी ऱ्हा. तुझे ब्लाऊज कोण शिवतंय?"

"मीच की."

"माप कोण घेतंय?"

गेली वीस वर्षं अनुजा जुना ब्लाऊज ठेवून त्यावरनं नवा बेतायची, आणि जुना काचायला लागला की तोही उसवायची. सगळ्या पेठेच्या अंगावरनं तिचा टेप फिरला होता, तिच्या स्वतःच्या अंगाला तो लागला नव्हता.

"हात वर कर," भाभी म्हणाल्या. "श्वास सोड. पोट आत घेऊ नको, मी काय तुला बघायला आलेली पावणी न्हवं."

त्यांनी मोजलं, वहीत लिहिलं, वही मिटली. "मी न्हाय सांगत कुणाला," त्या म्हणाल्या. "तू वाच तुला वाटंल तेव्हा."

अनुजानं ती वही त्या दिवशी उघडली नाही, दुसऱ्या दिवशी उघडली. बघून ती खुर्चीवर बसली. मग उठून लॅबमध्ये गेली, रक्त दिलं आणि गुरुवारी रिपोर्ट घेऊन त्या मुलांच्या दवाखान्यात जाऊन बसली. आजूबाजूला सगळी सर्दीची पोरं. नंबर आल्यावर डॉक्टर फरहीननी कागद बघितला. "मी मुलांची डॉक्टर आहे हो ताई," त्या म्हणाल्या, पण कागद बाजूला ठेवला नाही. "साखर अजून घरात आलेली नाही. दारात चप्पल काढून उभी आहे. आता तुम्ही ये म्हणताय का जा म्हणताय ते बघा. मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि रोज चाला."

त्याच संध्याकाळी अनुजा भावाच्या घरी गेली. मोना कपड्यांच्या घड्या घालत होती. अनुजानं रिपोर्ट तिच्यापुढं धरला.

"माफी मागायला आलो न्हाय," ती म्हणाली. "म्हंजे, ती पण मागतो. चुकलं माझं, तुला सांगायला पायजे होतं. पण मला दुसरं बोलायचंय. मला रोज चालायला सांगितलंय. आणि मी एकटी चालत न्हाय, माझी मला खात्री हाय. पहिल्या दिवशी जाईन, दुसऱ्या दिवशी पाय दुखतील, तिसऱ्या दिवशी कुणाचं तरी लग्न निघंल. तेजू बरोबर असली तर मला न्हाय म्हणता येणार न्हाय."

मोनानं रिपोर्ट दोनदा वाचला. "म्हणजे औषध म्हणून पोरगी पाहिजे तुम्हाला?"

"व्हय."

"आणि वडे?"

"वडेवाल्याला सांगितलंय, बोलावल्याशिवाय यायचं न्हाय. तो रागावलाय."

तेजस्वी आतनं आली आणि आत्तीच्या शेजारी अगदी चिकटून बसली. "पाळणाघरात टीव्ही असतो," ती कुणी न विचारताच सांगायला लागली. "पळायचं न्हाय, खालच्या काकांना आवाज जातो. चारला क्रीमची बिस्किटं देतात. मी दोन पुडे खाल्ले."

मोनानं हातातला टॉवेल तसाच धरला. पाळणाघरासाठी तिनं चार ठिकाणी चौकशी केली होती, खिडक्या बघितल्या होत्या, बाथरूम बघितलं होतं. बिस्किटांचं तिनं विचारलं नव्हतं.

"आणि रात्री मी दमून येते, तिला दोन मिनिटांच्या नूडल्स देते आणि हातात मोबाइल देते," ती हळू म्हणाली. "ते काही तुमच्या रक्तातनं आलेलं नाही."

"आमच्याबी न्हाय, तुझ्या पप्पांच्याबी न्हाय," अमरसिंह सोफ्यावरनं म्हणाला. "ते पाकिटातनं आलंय." दोघींनी एकदम त्याच्याकडं बघितलं. त्याच्या मांडीवर फरसाणाचा डबा होता. त्यानं तो झाकण लावून खाली ठेवला.

मोना म्हणाली, "शनिवारी एक दिवस न्या तिला. संध्याकाळी बघू काय होतंय ते."

अनुजानं सगळा बेत पक्का केला. एरवी बायका ब्लाऊज न्यायला दुकानात यायच्या. तिनं पाच जणींना फोन करून सांगितलं, येऊ नका, मीच घरपोच आणते. पाच ब्लाऊज, पाच घरं, सगळी मंगळवार पेठ ते संभाजीनगर ह्या वाटेवरची. चालत जायचं, लिफ्ट असली तरी जिन्यानं चढायचं. भाचीच्या खांद्याला कापडी पिशवी, आत्तीच्या पायात नवे बूट. चारला दोघी निघाल्या.

हिशेब सगळा बरोबर होता, फक्त एक गोष्ट ती विसरली. हे कोल्हापूर होतं.

पहिल्या घरात पाय ठेवला तर, "अनुजा, तू आणि आमच्या घरी? पहिल्यांदाच आलीस. बस की." ब्लाऊज बाजूलाच राहिला, पुढं बशी आली, बशीत दोन बेसनाचे लाडू. अनुजा म्हणाली, नको. तिथं पहिलं नको म्हणजे लाज, दुसरं म्हणजे रीत आणि तिसरं म्हणजे सरळ अपमान. दुसऱ्या नको-वर ती थांबली. डॉक्टरचं नाव काढून बघितलं, तर ती बाई म्हणाली, "डॉक्टरला काय कळतंय? पोर केवढी चालत आलीया उन्हातनं."

तेजस्वीला सुचलं. "काकू, आम्ही घरी जाऊन खातो," ती म्हणाली, आणि दोन्ही लाडू कागदात बांधून पिशवीत गेले.

दुसऱ्या घरी नातवाचं बारसं होऊन गेलेलं, तिथं बुंदी. तिसऱ्या घरात पेरू आणि चिवडा. चौथं घर चौथ्या मजल्यावर. तेजस्वी पायऱ्या दोन-दोन करून चढली. अनुजा दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबली, तर समोरचं दार उघडलं आणि ओळख ना पाळख अशी एक बाई म्हणाली, "दम लागला व्हय? बसा, पाणी देतो." पाण्याबरोबर शंकरपाळी आली. पाचव्या घरी काय मिळालं ते सांगण्यात अर्थ नाही. निघताना पिशवीत पाच ब्लाऊज होते आणि ती हलकी होती. सहा वाजता संभाजीनगरला पोचताना पिशवीत एकही ब्लाऊज नव्हता आणि तेजस्वी ती दोन्ही हातांनी धरून आणत होती. दोघी घामानं निथळत होत्या. पोरीचे गाल लालबुंद झाले होते आणि वाटेत ती एकदाही दमले म्हणाली नव्हती.

मोनानं पिशवी टेबलावर रिकामी केली. एकेक पुडी बाहेर निघत होती आणि ती एकेक करून शेजारी मांडत होती. टेबल भरत आलं.

"पाच ब्लाऊज देऊन हे आणलंत?"

"आम्ही ह्यातलं खाल्लं न्हाय," तेजस्वीनं घाईनं सांगितलं. "मी फक्त एक पेरू. आणि आत्तीनं अर्धा लाडू. ती म्हणाली, चव तरी बघायला लागती, न्हायतर उद्या विचारलं तर काय सांगायचं?"

मोनानं तोंडावर हात ठेवला. मग खुर्चीत बसली. मग तिला हसू आवरेना, इतकं की डोळ्यांतनं पाणी आलं, आणि अनुजा घाबरून बघत राहिली, की ही हसतेय का रडतेय.

"अक्का, तुम्हाला एकदा नको म्हणून गप्प बसता येत नाही?"

"आमच्यात न्हाय गं ते," अनुजा म्हणाली. "लोकांना वाईट वाटतंय."

"उद्या कितीजणींचे द्यायचेत?"

"तिघींचे."

"उद्या रविवार. मी येते. ॲडमिशनच्या वेळी मी दिवसाला पन्नास जणांना नाही म्हणते, त्यातले निम्मे नात्यातले असतात."

रविवारी तिघी निघाल्या. कळंब्याच्या रस्त्याला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दार उघडलं, आत बोलावणं झालं, ब्लाऊज दिला, आणि सांगितल्यासारखी बशी आली. मोना हसली. "काकू, नको," ती म्हणाली. पुढं कारण नाही, डॉक्टर नाही, परत कधीतरी नाही. बशी हवेत थांबली. काकूंनी अनुजाकडं बघितलं. अनुजानं आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बशीकडं न बघता चपलांच्या स्टँडकडं बघितलं. मग काकू म्हणाल्या, "बरं. पाणी तरी?" आणि मोना म्हणाली, "पाणी चालेल की. थंड असेल तर दोन तांबे आणा." काकूंचं तोंड मोकळं झालं. कुणालाही वाईट वाटलं नाही. अनुजाला हे सगळं एखाद्या हातचलाखीसारखं दिसलं.

दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तेजस्वी पुढं पळाली, तिच्या पायांचा धपधप आवाज जिन्यात घुमत वर गेला. मोना अनुजाच्या पावलानं चढत होती; एकदा पुढं जाऊन परत दोन पायऱ्या खाली आली.

"रिक्षावाल्याला सांगते," ती म्हणाली. "उद्यापासून दुकानासमोर सोडायला. डबा मी देईन, दोघींचा. आणि तिचा नवीन फ्रॉक शिवताना मला बोलवा, मी पण बघणार."

अनुजाला बरंच काही बोलायचं होतं. पण त्या पायरीवर तिच्याकडं श्वास शिल्लक नव्हता, म्हणून तिनं नुसती मान हलवली, मोनाचा हात धरला आणि पुढची पायरी चढली. वरनं तेजस्वी कठड्यावरनं वाकून ओरडत होती, "आत्ती, लवकर या की, दार उघडलंय, आणि इथं पण बशी आलीया."